अडीचशे रुपयांच्या घड्या

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस हे आमच्या पेठेत हिशेबाचे दिवस असतात. वाणी मागची उधारी काढतो, पेपरवाला तीन महिन्यांचे बिल एकदम पुढे करतो, आणि एरवी वर्षभर दर्शन न देणारी माणसे पोस्त मागण्यासाठी दारात हजर होतात. ज्याचे ज्याचे काही येणे असेल तो तो या आठवड्यात धीट होतो. याला अपवाद एकच. ज्याने राबून पगार मिळवला आणि ज्याच्या हाती तो पडला नाही, असा मनुष्य. तो मालकाच्या दाराशी जाऊन उगीच चपला झटकीत उभा राहतो, "साहेब, सवड झाली का?" असे विचारतो, "दिवाळीनंतर बघू" हे उत्तर पदरात घेतो आणि वर "बरं साहेब, उपकार झाले" असे म्हणून परत फिरतो. आपली उधारी मागताना वाण्याने कुणाचे उपकार मानल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो याचे कारण, या चपला मी स्वतः झटकल्या आहेत. पण ती हकीगत पुढे येईल. आधी वहिनींची सांगतो, कारण तिच्यात निदान सांगण्यासारखे काही आहे.

वहिनी म्हणजे आमच्या कॉलेजातल्या एका शिपायाच्या पत्नी. ते गृहस्थ करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली गेले. तेव्हापासून वहिनी पुस्तकबांधणीच्या एका छोट्या कारखान्यात घड्या घालावयास जाऊ लागल्या. छापखान्यातून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, हाताने दुमडून त्यांची पानापानांची घडी करावयाची, हे ते काम. मोठ्या छापखान्यांतून आता ते यंत्रे करतात. परंतु लहान आवृत्त्या, गाइडे आणि आमच्यासारख्यांची कॉलेजची नियतकालिके अजून अशा हातांतूनच जातात. मोबदला हजारामागे. जितक्या घड्या तितके पैसे. माझा स्वतःचा एक ग्रंथ (विक्री: एकशे बारा प्रती) त्याच कारखान्यात बांधला गेला होता, तेव्हा त्याच्या पानांना प्रथम हात लावणाऱ्या वाचक वहिनीच, असे मी थट्टेने म्हणत असे. त्यावर त्या म्हणत, "वाचायला कुठं वेळ असतो सर? आम्ही नुसते आकडे बघतो."

हे आकडे पाहणेच पुढे उपयोगी पडले.

२०२३ च्या जूनपासून मालकाने पैसे देणे थांबविले. धंदा मंद आहे, कागद महागला आहे, प्रकाशकाकडून वसुली नाही, ही नेहमीची कारणे. मधूनमधून पाचशे-हजार रुपयांची उचल मिळे. दिवाळी जवळ आली तेव्हा "दिवाळीनंतर बघू" झाले, आणि दिवाळीनंतर वहिनी गेल्या तेव्हा "आता काम नाही, येऊ नका" झाले. मग त्यांनी महिनाभर खेपा घातल्या. नंतर तीन दिवस त्या कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

धरणे हा शब्द आज मोर्चेवाल्यांच्या ताब्यात गेला आहे. पण त्याचे मूळ घर वहिनींच्या त्या पायरीवरच आहे. मराठी फौजांतले शिपाई पगार तुंबला म्हणजे सरदाराच्या दारात धरणे धरीत. बसणारा उपाशी राही आणि ज्याच्या दारात बसावयाचे त्यालाही अन्न गोड लागू नये अशी रीत असे. हा धाक इंग्रजांनाही इतका मोठा वाटला की त्यांनी १८६० च्या दंडसंहितेत, देवाच्या कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून धरण्याचाच दाखला घालून ठेवला. वहिनींना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या डबा घेऊन गेल्या होत्या आणि दुपारी बारा वाजता पायरीवर बसून तो खातही होत्या. मालकाच्या जेवणावरही त्याचा काही परिणाम झाला नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले. चौथ्या दिवशी पोरीची परीक्षा होती, म्हणून त्या गेल्या नाहीत. तेवढ्यावर ते धरणे संपले.

माझ्याकडे त्या आल्या त्या २०२४ च्या मे महिन्यात. "सर, तुमचं मराठी चांगलं आहे. एक अर्ज लिहून द्या."

मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड वाक्य दुसरे नाही. मी जाड कागद काढला आणि अर्ध्या तासात एक अर्ज सिद्ध केला. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी सविनय सादर' अशी सुरुवात होती. अर्जदार ही विधवा असून अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत कालक्रमणा करीत आहे, तरी मायबाप सरकारने कृपावंत होऊन तिजवर दयादृष्टी ठेवावी, ही नम्र विनंती, असा शेवट होता. मध्ये दोन ठिकाणी समासही चांगले जमले होते. मी तो मोठ्याने वाचून दाखविला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "सर, यात माझे पैसे कुठं आहेत?"

मी कागद पुन्हा पाहिला. खरोखरच रक्कम लिहावयाची राहून गेली होती.

"आणि दया कशाला घातलीत? मी काम केलंय. नवरा असता तरी पैसे द्यायचेच होते ना त्यांनी?"

त्या दिवसापासून अर्ज-लेखनाचा तास मी वर्गावर निराळ्या तऱ्हेने घेतो. असो.

दुसरा अर्ज वहिनींनी सांगितला आणि मी लिहून घेतला. कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, काय दर. जून ते ऑक्टोबर २०२३ या पाच महिन्यांचे प्रत्येकी किती. एकूण ४१,२५० रुपये. त्यातून मिळालेली उचल ४,००० रुपये वजा. बाकी ३७,२५० रुपये. उचल त्यांनी स्वतःहून सांगितली. मी म्हणालो, मालकाला सांगू द्या की. तर म्हणाल्या, "घेतलेले सांगितले नाहीत तर न घेतलेले खरे कसे वाटतील?" हे आकडे त्यांच्याजवळ पोरीच्या जुन्या चौरेघी वहीत लिहिलेले होते. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर तारीख आणि घड्यांचा आकडा. ज्या दिवशी काम नसेल तेथे शून्य. ती वही मी पुष्कळ वेळ चाळीत बसलो. एक दिवस रिकामा नव्हता.

माझा एक वकील मित्र आहे. तो अर्ज वाचून त्याने मला एक धक्का दिला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे हजारांहून कमी माणसे असलेल्या ठिकाणी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा लागतो, आणि माणसाला कामावरून काढले तर दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी सारी बाकी चुकती करावी लागते. इथवर ठीक. परंतु त्या कायद्याखाली दावा सांगण्यास मुदत होती बारा महिन्यांची. म्हणजे जून २०२३ चा पगार ७ जुलै २०२३ पर्यंत द्यावयाचा होता, आणि त्याची मुदत वर्षाने, म्हणजे दीड महिन्यात संपणार होती. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास माफी असे, पण सबळ म्हणजे काय ते ठरविणार समोरचा. "आणि नुसत्या तक्रार-अर्जाने मुदत थांबत नाही," मित्र म्हणाला. "सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार कर, तो दोघांना बोलावून मिटवायचं बघेल. पण त्याबरोबर वेतन-प्राधिकाऱ्यापुढे रीतसर दावाही जूनमध्येच टाक. हे मालक लोक तारखा मागतात ते उगीच नव्हे."

'दिवाळीनंतर बघू' या दोन शब्दांचा कायदेशीर अर्थ मला तेव्हा कळला. त्यांत टाळाटाळ तर असतेच, पण प्रत्येक 'नंतर'बरोबर मुदतीचा एकेक महिना गळत असतो. सोसणारा समजतो आपण सभ्यपणा करीत आहोत.

ही मुदत आता राहिलेली नाही, हे येथेच सांगून टाकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. ती संसदेने २०१९ सालीच संमत केली होती. तिच्यात दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत बाकी मिळाली पाहिजे असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे. वहिनींच्या वेळी हे नव्हते. वेळेत धावणे त्यांच्या नशिबी होते, आणि त्या धावल्या. दावा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दाखल झाला.

कामगार अधिकाऱ्यासमोर पहिली तारीख पडली तेव्हा मालक आलाच नाही. दुसऱ्या तारखेला त्याने मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला तो आला, वहिनींना हात जोडून 'काय वहिनी, बरं आहे ना?' म्हणाला, आणि खुर्चीवर बसून त्याने सांगितले, "साहेब, या आमच्याकडे कामाला नव्हत्याच. सणासुदीला मदतीला यायच्या, घरच्यासारख्या."

मी शेजारी बसलो होतो, कान तापले. वहिनींना ना नेमणुकीचे पत्र, ना हजेरीपत्रक, ना पगाराची पावती. होती ती चौरेघी वही, आणि ती तर त्यांनीच लिहिलेली. अधिकाऱ्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "आणखी काही?" तेव्हा वहिनींनी पिशवीतून फोन काढला. पोरीने त्यातले मालकाचे जुने निरोप जपून ठेवले होते. एक लावला. त्या खोलीत मालकाचाच आवाज घुमला: "वहिनी, उद्या सातला या हं, गाइडाचे तीन हजार फर्मे पडलेत, परवा द्यायचेत." असे ऑगस्टमधले अकरा निरोप होते. वहीत त्या त्या तारखा पाहिल्या तर आकडे जुळत होते.

अधिकारी म्हणाला, "सणासुदीला येणाऱ्या घरच्या माणसाला सकाळी सातला बोलावता?"

कौटिल्याने अर्थशास्त्रात वेतन न देणाऱ्या मालकाला वेतनाच्या एक-दशांशाचा किंवा सहा पणांचा दंड सांगितला आहे. परंतु जो 'देणेच लागत नाही' असे म्हणून साफ उडवून लावतो त्याला दंड दुप्पट, बारा पण किंवा एक-पंचमांश. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे कज्जांच्या प्रकारांत, वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. पगार बुडविणे आणि वर माणूसच ओळखीचा नाही म्हणणे हे दोन निराळे अपराध आहेत, ही जाण इतकी जुनी आहे. मला हे तेथे सांगण्याची फार उबळ आली होती. वहिनींनी डोळ्यांनीच मला गप्प बसविले.

मग घासाघीस सुरू झाली. मालक म्हणाला, वीस हजार एकरकमी देतो, विषय संपवा. वहिनी नाही म्हणाल्या. पंचवीस. नाही. तीस. येथे माझे मन डळमळले हे कबूल करतो. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "वहिनी, दावा लांबला तर वर्षं जातील." त्या काही बोलल्या नाहीत. अखेर मालक सदतीस हजारांवर आला, दोन हप्त्यांत. अधिकाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाला, "चला बाई, वरचे अडीचशे सोडा आता. सही करा."

वहिनी म्हणाल्या, "साहेब, त्या अडीचशेच्या घड्या मी घातल्यात. यांना सांगा, तेवढ्या उलगडून परत द्या. मग सोडते."

खोलीत कोणीच बोलेना. मालकाने खाली मान घालून "लिहा" म्हटले. वीस हजारांचा धनादेश ऑगस्टमध्ये आणि सतरा हजार दोनशे पन्नासांचा ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, असे ठरले. नुकसानभरपाई वर मागता आली असती, पण वहिनींना ती नको होती. "माझे तेवढे मिळाले, बास." दोन्ही धनादेश वटले. त्या कारखान्यात अजूनही पाच बायका आहेत आणि त्यांचा पगार आता सात तारखेला होतो म्हणतात. वहिनींना मात्र पेठेतल्या एकाही बांधणीवाल्याने पुन्हा काम दिले नाही. त्या हल्ली एका मंगल कार्यालयात भाजी निवडावयास जातात. हिशेब वहीत लिहितात.

पेढे घेऊन त्या घरी आल्या तेव्हा आमच्या सौ.ने घात केला. पेढा हातात घेऊन ती म्हणाली, "यांचे मात्र अजून राहिलेच आहेत."

आता माझी हकीगत. २००८-०९ साली, एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात असताना, मी एका विनाअनुदानित कॉलेजात तासांवर शिकवीत होतो. तासाला दीडशे रुपये बोलणे झाले होते. सात महिन्यांत एकशे चौसष्ट तास घेतले. चोवीस हजार सहाशे रुपये झाले. त्यातला एकही मिळाला नाही. अकरा वेळा गेलो. दर वेळी संस्थेचे अध्यक्ष चहा पाजीत, सरस्वतीच्या उपासनेविषयी बोलत, आणि "तुमचं मानधन कुठं पळून जातंय?" असे विचारीत. शेवटच्या खेपेस तर संस्थेच्या वर्धापनदिनी मला शाल आणि नारळ दिला. समोर दोनशे विद्यार्थी टाळ्या वाजवीत असताना थकबाकीचा विषय काढणे मला जमले नाही.

पुष्कळ दिवसांनी मला त्या शब्दाची गंमत उमगली. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला; त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ 'पैसे चुकते करणे' असा आहे. मानधन मात्र आपण संस्कृताच्या वळणाचा घडविला, आणि संस्कृतात तर मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मनुष्य. अध्यक्षमहाशय व्याकरणदृष्ट्या बिनचूक होते. मान त्यांनी दिला होता.

त्या वेळीही वकील मित्राला विचारले होते. कामगार खात्याच्या दाराने आमच्यासारख्यांना जाता येत नव्हते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगून ठेवले आहे की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. दिवाणी दावा करता आला असता, त्याला तीन वर्षांची मुदत. पण पेशाची लाज वाटली. आपण ज्ञानेश्वरी शिकविणार आणि दीडशे रुपये तासाने कोर्टात भांडणार? मग कायम नोकरी लागली आणि तीन वर्षे निघून गेली. शाल अजून आहे. थंडीत सौ. तीच पांघरते आणि आठवण करून देते.

वहिनींनी सारे ऐकून घेतले. "तास लिहून ठेवले होते का सर?"

होते. तारीखवार. विषयासह.

"मग?"

मी म्हणालो, मुदत केव्हाच संपली, आता कायद्याने काही मागता येत नाही. हे अर्धे खरे आहे. मुदत संपते ती दाव्याची. देणे काही विरघळून जात नाही. फक्त कोर्टाचे दार बंद होते. वकील मित्राने त्यात आणखी एक भर घातली. १८७२ च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे, मुदतबाह्य देणे देण्याचे वचन देणेकऱ्याने सहीनिशी लेखी दिले तर तो नवा, बंधनकारक करार होतो. म्हणजे अध्यक्षांनी 'देतो' एवढे लिहून खाली सही केली की दार पुन्हा उघडले. "पण ते कशाला लिहितील?" मी विचारले. मित्र म्हणाला, "ते तर म्हणतात ना, मानधन कुठं पळून जातंय? तेच लिहून मागायचं."

गेल्या महिन्यात मी पत्र लिहिले. पहिला खर्डा माझ्या हाताने झाला. त्यात 'आपल्या ऋणातच राहू इच्छितो, तथापि' असे एक वाक्य होते. वहिनींनी त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "ऋणात कोण आहे, सर?" ते वाक्य काढले. आता पत्र सात ओळींचे आहे: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, किती तास, काय दर, एकूण चोवीस हजार सहाशे, मिळाले शून्य, कधी देता ते सहीनिशी कळवावे. शाल-नारळाचा उल्लेख वजाबाकीत करावा की काय यावर थोडी चर्चा झाली. मागितला नव्हता, म्हणून वजा करू नये, असे ठरले.

पत्र पोचल्याची पावती आली आहे. अध्यक्ष आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांचा अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ निघणार आहे असे ऐकतो. त्यासाठी मजकडे लेख मागणारे पत्र परवाच आले. त्यात माझ्या पत्राचा उल्लेख नाही. लेखाबद्दल 'यथायोग्य मानधन' मिळेल असे मात्र लिहिले आहे.

मंगल कार्यालयातून परतताना वहिनी आमच्या फाटकाशी क्षणभर थांबतात आणि वरच्या खिडकीकडे पाहून विचारतात, "आलं का हो सर, उत्तर?"

"नाही अजून."

"तारीख लिहून ठेवा," असे म्हणून त्या पुढे जातात.